चालण्याची शर्यत

“माई, तिला म्हणावं पंखा जरा वाढव. बटण तिच्या डोक्यावरच आहे.”

शरयू हे आमच्या सासूबाईंना म्हणाली. ‘ती’ म्हणजे मी. मी शरयूपासून चार हातांवर, माईंच्या कॉटला टेकून चटईवर बसले होते आणि कापसाच्या वाती वळत होते.

“कुमुद, पंखा वाढव म्हणते गं.”

मी उठले, बटण फिरवलं, परत बसले.

“एवढा नको म्हणावं. कापूस उडतोय तिचा.”

“एवढा नको म्हणते. कापूस उडतोय तुझा.”

मी पुन्हा उठले.

“झालं का, विचारा.”

“झालं का गं?”

मी मान हलवली.

“हो म्हणते,” माई म्हणाल्या.

“म्हणतेय कुठं? मान हलवतेय. म्हणायला तोंड उघडावं लागतं.”

“अगं, तिचं मौन आहे ना दिवेलागणीपर्यंत!” माईंनी कपाळाला हात लावला. “एकीचं मौन, एकीचा अबोला, आणि तोंड दुखतंय ते माझं. ते राहू दे. मला आधी हे सांग, ही दोघं जाळीच्या टोप्या घालून एकमेकांना टोचतायत ती कशासाठी?”

टीव्हीवर तलवारबाजी चालू होती. शरयूनं सांगितलं, “अंगाला टोक लागलं की दिवा लागतो, माई. ज्यानं टोचलं त्याला गुण.”

“आणि दोघांनी एकदम टोचलं तर?”

“मग आधी अंगावर कोण धावून आलं ते पंच ठरवतात.”

“म्हणजे आपल्या घरासारखंच की,” माई म्हणाल्या. “आपल्याकडं पंच तेवढा नाही.”

या गोष्टीला आता तीसच्या वर वर्षं झाली. मिरजेला स्टेशनच्या अलीकडे आमचं दोन मजली घर होतं. खाली आम्ही आणि माई, वर धाकटे दीर श्रीधरभाऊजी आणि त्यांची बायको शरयू. भाऊजी रेल्वेत होते, त्यांची भुसावळला बदली झाली होती. ज्या रविवारी ऑलिम्पिक संपणार, त्याच रविवारी दुपारच्या गाडीनं दोघं जाणार होती. परत यायचं नव्हतं. शरयूचं माहेर जळगावचं, तिकडंच त्यांनी जागा घेऊन ठेवली होती. आम्ही दोघी जावा त्या वेळी दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हतो. जायच्या आधी बोललो नाही तर हा अबोला जन्माचा होणार, हे मला कळत होतं, तिला कळत होतं, आणि माईंना तर आम्हा दोघींपेक्षा आधी कळलं होतं.

शरयूनं वरचा टीव्ही सगळ्या सामानाच्या आधी बांधून खोक्यात घातला होता. माईंनी विचारलंही, “अजून पंधरा-सोळा दिवस आहेत, टीव्हीची एवढी घाई कशाला?” तर म्हणाली, “काचेचं सामान आधी बांधायचं असतं, माई.” लोणच्याच्या बरण्या मात्र शेवटच्या दिवसापर्यंत फळीवर होत्या. मग ऑलिम्पिक बघायचं तर खाली माईंच्या खोलीत येण्यावाचून तिला गत्यंतर उरलं नाही.

आणि ऑलिम्पिक चुकवणं तिला शक्यच नव्हतं. मला तो नाद तिनंच लावलेला. शाळेत असताना ती थाळीफेकीत जिल्ह्यात दुसरी आली होती. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच वर्षी आम्ही पहिलं ऑलिम्पिक एकत्र बघितलं, त्याच्यानंतर चार वर्षांनी दुसरं. गल्लीतल्या बायापुरुषांना हॉकी हवी असायची आणि शंभर मीटरची धाव. आम्ही तेही बघायचो, पण आमचा जीव रमायचा तो ज्याला कुणी विचारत नाही त्या खेळांत. होड्या वल्हवणारे, धनुष्यवाले, घोड्यांना नाचवणारे. शरयू मांडीवर शाळेचा नकाशासंग्रह घेऊन बसायची. एखाद्या देशाचं नाव कधी ऐकलेलं नसलं की तो आमचा देश. तो शोधायचा, समुद्राकाठी आहे की डोंगरात ते बघायचं आणि मग त्याच्या खेळाडूसाठी मी देवाला हात जोडायचे. “वहिनी, देवाला पत्ता नीट सांगा हं, नाहीतर भलत्यालाच पावायचा,” असं ती म्हणायची.

आता मौनाचं. आषाढी एकादशीला मी दरवर्षी चातुर्मासाचा नेम धरते. एका वर्षी फक्त पानावर जेवले, एका वर्षी रोज गाईला घास घालून मगच तोंडात पाणी घेतलं. त्या वर्षी दोन नेम होते. एक लक्ष वातींचा, म्हणजे हातानं लाख वाती वळून देवापुढं लावायच्या. दुसरा मौनाचा, दुपारचं जेवण झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत. ऑलिम्पिक त्या वेळी अशा देशात होतं की तिथं सकाळी खेळ सुरू झाले की आपल्याकडं दुपार झालेली असायची. माझा आवाज मुळात लहान, बोलणं त्याहून थोडं. मौनाचा संकल्प ऐकून आमचे हे हसत सुटले. “तू मौन धरणं म्हणजे कासवानं पळणं सोडण्यासारखं आहे. देवाला काहीतरी महागाचं दे की!”

मी हातावर पाणी घेतलं आणि संकल्प सोडला.

तर अशा त्या दुपारी. माई कॉटवर, शरयू दाराजवळच्या खुर्चीत, मी चटईवर. शरयूला जे मला सांगायचं असे ते ती माईंना सांगायची, आणि मी मान हलवून किंवा हात उडवून जे म्हणायचे ते माई तिला उलगडून सांगायच्या, पुष्कळदा चुकीचं. पाण्यात आठ मुली एकदम पाय वर करून गोल फिरायला लागल्या तेव्हा माई म्हणाल्या, “अगं बाई, ह्या तर पाण्यात मंगळागौर खेळतायत!” शरयू खळखळून हसली. मलाही हसू आलं. हसणं मौनात बसतं की नाही याचा विचार करून मी पदर तोंडाशी धरला.

“हसू नको म्हणावं, मौन मोडेल,” शरयू म्हणाली.

“हसू नको म्हणते.”

त्या दिवशी मला वाटलं होतं, आता होईल काहीतरी. पण मुली पाण्याबाहेर आल्या, त्यांना गुण मिळाले, आणि शरयू खुर्ची सरकवून वर निघून गेली.

आठव्या की नवव्या दिवशी वजन उचलण्याची स्पर्धा होती. एक आडवातिडवा गडी आला. हाताला पांढरी पूड चोळली, खाली वाकला, आणि ती चाकं लावलेली कांब त्यानं छातीपर्यंत आणली. तोंड लालबुंद, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या.

माई उठून बसल्या. “हं! सोस, सोस! आणखी एक कळ, एकच! अगं, ह्याचा चेहरा बघ गं, श्रीधरच्या वेळी माझा अगदी अस्साच…”

आणि माई थांबल्या.

त्या गड्यानं वजन डोक्यावर नेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग शरयू उठली. “वर दूध ठेवलंय गॅसवर,” म्हणाली. दूध सकाळी खालच्याच गॅसवर तापवून झालेलं होतं, माझ्याच समोर तिनं ते जिन्यावरून वर नेलं होतं.

“जळली माझी जीभ,” माई माझ्याकडं न बघता म्हणाल्या.

शरयूचं एक मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. नंतर राहिलं नाही. तिनं त्याचं कधी भांडवल केलं नाही. दुसऱ्यांच्या बाळांची कुंची शिवायची, काजळ करून द्यायची. दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या मृणालचं डोहाळजेवण आमच्याकडं झालं. मृणालला फुलांची वाडी घातली ती सगळी शरयूनं गुंफलेली, मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, पहाटेपासून बसून. मग ओटी भरायची वेळ आली. पाच लेकुरवाळ्या पुढं झाल्या. खण-नारळाचं तबक घेऊन शरयूही उठली. मी तिथं थोरली, रीतभात बघणारी. मी तिच्या जवळ जाऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, “शरयू, तू जरा थांब.”

तबक तिच्या हातून माझ्या हातात आलं. मी ते दुसरीकडं दिलं. पुढं बायका गाणी म्हणू लागल्या, पानं मांडायची घाई झाली, आणि तिला ‘आता ये’ म्हणायचं राहून गेलं. राहून गेलं असं मी म्हणते खरी.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेनाशी झाली. मीही बोलले नाही. मी काही माझ्या मनाचं केलं नव्हतं. माझ्या आईनं हेच केलं असतं, तिच्या आईनंही. रीत पाळली त्याची माफी कशी मागायची? आणि न मागता बोलायला सुरुवात तरी कुठून करायची? दोन वर्षं रोज सकाळी विष्णुसहस्रनाम म्हणताना वरून तिच्या पावलांचा आवाज यायचा, आणि देवाची नावं मोजता मोजता माझी चूक व्हायची.

शुक्रवार उजाडला. जायला दोन दिवस राहिले. वरून खोकी बांधल्याचे, ठोकल्याचे आवाज येत होते. दुपारी बायकांची चालण्याची शर्यत होती. शरयू येईल का नाही याची मला धाकधूक होती. ती आली. हाताला सुतळीचे वळ उठलेले होते.

“आज काय आहे?” माईंनी विचारलं.

“चालायची शर्यत.”

“चालायची? त्यात काय बघायचं? मी रोज चालते मारुतीपर्यंत, मला कुणी दाखवत नाही टीव्हीवर.”

“पळायचं नाही, माई. एक पाय तरी सतत जमिनीला टेकलेला पाहिजे. दोन्ही एकदम उचलले गेले की चूक. पुढचा गुडघाही वाकता कामा नये. वाटेत पंच उभे असतात, नजर ठेवून.”

“अगं बाई, कंबरा कशा हलतायत ह्यांच्या! जात्यावर बसल्यासारख्या.”

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक होते. बायका उन्हात चालत होत्या, हात कोपरातून पुढं-मागं, ओठ घट्ट मिटलेले. आमची कोण ते पहिल्या दहा मिनिटांतच ठरलं. निळ्या बनियनातली, वयानं जरा थोराड, केसांना साधी फीत बांधलेली. देशाचं नाव पडद्यावर आलं पण दोघींनाही वाचता आलं नाही, तेवढ्यात गेलं. शरयू माईंना म्हणाली, “ती निळी आपली.” मी मान हलवली. माई म्हणाल्या, “हो म्हणते.”

निळी आधी अकरावी होती. मग आठवी. पुढच्या बायका दमत होत्या आणि ही मात्र जशी निघाली तशीच चालत होती. सहावी झाली तेव्हा शरयू खुर्चीच्या कडेला आली. चौथी झाली तेव्हा माझ्या हातातली वात तशीच राहिली. मैदानाच्या दारातून आत शिरताना तिनं आणखी एकीला मागं टाकलं.

“तिसरी! माई, तिसरी!”

“म्हणजे पदक?”

“एवढी एक फेरी राहिलीय! चल गं बाई, चल, पळू नको, नुसती चाल!”

तेवढ्यात कडेनं पांढरी टोपी घातलेली एक पंचबाई पुढं आली. तिच्या हातात एक लहानशी गोल लाल पाटी होती, पोळपाटाएवढी. तिनं ती निळीच्या समोर धरली. आरडाओरड नाही, शिट्टी नाही, हात धरणं नाही. नुसती धरली.

निळी थांबली. तिनं पाटीकडं बघितलं. मग मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणासाठी असेल म्हणून. मागं कुणी नव्हतं.

समालोचक हिंदीत सांगू लागला की वाटेत तीन पंचांनी हिचे पाय उचलले गेल्याचं कळवलं होतं, तीन झाले की बाहेर. निळी मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहिली. छातीवरचा नंबर काढायचा होता, पिना निघत नव्हत्या. बाकीच्या बायका तिच्यासमोरून चालत चालत गेल्या आणि कॅमेराही त्यांच्यामागं गेला.

“नियम तो नियम,” माई म्हणाल्या. “वाईट वाटलं हो, पण करणार काय?”

शरयू खुर्चीत मागं टेकून बसली. मग टीव्हीकडंच बघत म्हणाली, “ती पाटीवाली बाई ओरडली असती ना माई, तर बरं झालं असतं. उलट ओरडता तरी आलं असतं. एवढं हळू, एवढं सभ्यपणानं थांबवल्यावर माणसानं करायचं काय? पिना काढत बसायचं.”

तिनं हे माझ्यासाठी म्हटलं होतं का, ते मला आजही सांगता येणार नाही. पण माझ्यासमोर टीव्ही राहिला नाही. मी ‘थांब’ म्हटलं तेव्हा शरयूनंही असंच मागं वळून बघितलं होतं. तिच्या मागं त्या दिवशी फक्त भिंत होती, आणि भिंतीला टेकून ठेवलेला झोपाळा. हे मी बघितलेलं होतं, आणि दोन वर्षं बघितलं नाही असं धरून चालले होते.

घड्याळात साडेतीन वाजले होते. दिवेलागणीला तीन तास होते.

“शरयू,” मी म्हणाले, “चुकलं माझं.”

माझा आवाज लहान. त्यातून टीव्ही चालू.

“काय म्हणाली?” माईंनी कानाला हात लावला. “कुमुद, तू काही बोललीस का? अगं, तुझं मौन!”

शरयूनं मान वळवली नव्हती. तिला ऐकू गेलं की नाही कळत नव्हतं. एकदा बोलताना जेवढं बळ लागलं होतं तेवढं पुन्हा आणायचं कुठून, असं झालं मला.

“मोठ्यानं बोल बाई, मला काही ऐकू आलं नाही,” माई म्हणाल्या.

“चुकलं माझं!” मी ओरडले. खरंच ओरडले. शेजारच्या काकू अंगणात वाळत घातलेले कपडे उलटत होत्या, त्यांनी कुंपणावरून मान वर केली. “मृणालच्या डोहाळजेवणाला मी शरयूला थांबवलं. सगळी वाडी तिनं केली आणि मी तिला थांबवलं. चुकलं!”

कापसाचा पेळू माझ्या मांडीवरून खाली घरंगळला. शरयू उठली आणि जिना चढून वर गेली.

माई माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “इथं बसून काय वाती वळणार आहेस? जा वर.”

दोन वर्षांत मी तो जिना चढले नव्हते. वर सगळीकडं खोकी होती, भिंतींवर तसबिरींचे चौकोन तेवढे राहिले होते. शरयू लोखंडी ट्रंकेवर बसली होती. मी उंबऱ्याच्या आतच उभी राहिले.

“मौन मोडलंत तुम्ही,” ती म्हणाली. दोन वर्षांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

“हो.”

“संकल्प सोडलेला होता?”

“हो.”

“चार महिन्यांचा?”

“हो गं.”

“आता?”

“आता काय! मोडलं ते मोडलं.”

ती सुतळीच्या वळांवरून अंगठा फिरवत राहिली. “वहिनी, एक सांगू? तुम्ही तबक काढून घेतलं नव्हतंत. मीच सोडलं. तुम्ही थांब म्हणालात आणि माझ्याच मनानं म्हटलं, बरोबर आहे, माझ्या हातानं मृणालचं काही वाईट नको व्हायला. मलाही तेच शिकवलेलं, तुम्हाला शिकवलं तेच.”

“मग?”

“मग काय! माझ्या मनात तसं आलं तरी तुम्ही म्हणाल असं वाटलं होतं, की जाऊ दे ती रीत, भर तू ओटी. बाकी कुणी म्हणावं असं मला वाटलंच नव्हतं. अपेक्षा होती ती तुमच्याकडूनच. आणि तुम्ही तर…” ती थांबली. “तुम्ही एकादशीला खिचडीत चुकून हळद पडली तर ताट बाजूला सारणाऱ्या. मी कुणाकडून काय मागत होते!”

मी तिच्या शेजारी ट्रंकेवर बसले. ट्रंक करकरली. इतकी वर्षं मी देवाचे नेम सांभाळले, त्यांतला एक तरी कुणासाठी मोडावा असं माझ्या माणसाला वाटत असेल, हे माझ्या ध्यानातच आलेलं नव्हतं.

“शरयू, मौन मी देवासाठी धरलं नव्हतं,” मी म्हणाले. “खाली तू येऊन बसशील, आणि मला बोलावं तर लागणार नाही, म्हणून धरलं. देवाचं नुसतं नाव.”

“ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

“कसं?”

“माईंना तुमची पोथी आणून द्यायला गेले, तर आतून ऑलिम्पिकच्या वेळापत्रकाचं कात्रण पडलं. दुपारच्या खेळांवर कुंकवाची बोटं!” ती म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिनं डोळे माझ्या पदराला पुसले. स्वतःचा पदर असताना.

“मग बोलली नाहीस ते!”

“मी का बोलू? माझा अबोला होता. तो काही मी देवाच्या नावानं धरला नव्हता.”

त्या संध्याकाळी दिवा लावताना मी देवापुढं उभी राहिले. मोडलेल्या व्रताला प्रायश्चित्त असतं, गुरुजींना विचारलं की ते सांगतात. मी विचारलं नाही. वाती मात्र पुढं कार्तिकापर्यंत वळल्या, लाख पुऱ्या केल्या. ते देवाचं होतं.

शनिवारभर आम्ही दोघींनी मिळून वरचं सामान बांधलं. लोणच्याच्या बरण्या फडक्यांत गुंडाळल्या. बोलत किती होतो म्हणून सांगू! एकदा तर भाऊजी दारात येऊन म्हणाले, “वहिनी, ट्रक उद्या सकाळी येतोय, पुढच्या महिन्यात नाही.” माई खालून विचारत होत्या की आता त्यांना निरोप सांगायचं काही काम आहे का, नसलं तर जरा पडतात.

रविवारी स्टेशनवर मी गेले. मी सहसा कुणाला पोचवायला जात नाही, पण गेले. शरयू खिडकीशी बसली. माईंनी दिलेला डबा तिच्या मांडीवर होता.

“आज मॅरेथॉन आहे,” ती म्हणाली. “शेवटची. आणि मी बसणार गाडीत, दौंड-मनमाड मोजत.”

“मी बघते.”

“नुसतं बघू नका, सगळं लिहून कळवा. पेपरात फक्त पहिल्या तिघांचं येतं.”

गाडी हलली. भोंगा वाजला तेव्हा ती काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. मी तिथं प्लॅटफॉर्मवर, हमालांच्या आणि अनोळखी माणसांच्या देखत, गळा ताणून ओरडले, “मोठ्यानं बोल!” आणि तिनं खिडकीतून हात बाहेर काढून तितक्याच मोठ्यानं सांगितलं, “आपला कुठला ते नीट ठरवा!”

त्या दिवशी मी एकटीनं मॅरेथॉन बघितली. माई झोपी गेल्या. मी पत्र लिहिलं ते चार पानं झालं. रस्त्याच्या कडेनं पाण्याचे पेले कसे मांडले होते, एक जण पेला डोक्यावर ओतताना कसा अडखळला, चढावर एक म्हातारी गॅलरीतून भांडं वाजवत कशी ओरडत होती. आपला म्हणून मी एक बुटका निवडला होता, त्याच्या बुटाची नाडी सुटली होती, तो वाकून बांधत असताना पंधरा-वीस जण पुढं गेले, हेही लिहिलं.

आठवड्यानं भुसावळहून कार्ड आलं.

‘ती. वहिनींस शि. सा. नमस्कार. पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिला कोण आला ते लिहायला तुम्ही विसरलात, ते पेपरात वाचलं. पण त्या बुटक्याचं पुढं काय झालं? पोचला का तो?’

पोचला होता. पदकं देऊन झाली होती, लोक उठून चालले होते, आमचे हे म्हणत होते की आता काय राहिलंय त्यात, बंद कर. तो अगदी शेवटाकडं, पाय ओढत आला. मला माहीत होतं, कारण मी तोपर्यंत बसले होते. मी उलट टपाली तसं कळवलं.